खांबाजवळची जागा

हमीदाआपा,

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम पाळायचा तर तुझ्याबद्दल बोलण्यासारखं फार थोडं उरतं, आणि थोडं बोलून गप्प बसणारी बाई मी नाही. शिवाय हा नियम तू स्वतः कधी पाळला नाहीस. आपल्या शेडमध्ये गाऊन गेलेले कितीतरी जण पुढं वारले. त्यांची आठवण निघाली की तू म्हणायचीस, "मानूस लई चांगला व्हता, पन गळा? तोबा." तेव्हा तुझ्याच रीतीनं लिहिते.

तुझ्या शबानाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून तूर निवडत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढं म्हणून ती रडायला लागली. अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी, कसं, किती वाजता. मी विचारलं, शेवटी काही बोलली का? शबाना म्हणाली, गळ्यात नळी होती, बोलणार कशी. आपा, मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं, बऱ्याच वेळानं, सूप आत ठेवताना. हायसं का वाटलं ते शबानाला सांगता येणार नाही, म्हणून तुला सांगते. तसं ते तुझंच आहे.

आपलं वेड परक्या माणसाला समजावणं अवघड. लातूरच्या जुन्या जिनिंगचं एक पत्र्याचं शेड, दर रविवारी दुपारी तीन वाजता. तीस वर्षं झाली, 'गावरान गळा' हा आपला कार्यक्रम एकदाही चुकला नाही. बळवंत गुरुजी पेटी घेऊन बसतात, शेजारी ढोलकी, तुणतुणं, आणि खेड्यापाड्यांतून आलेले गाणारे. ओव्या, गवळणी, भारुडं, आमच्या निलंग्याकडची कानडी गाणी, देगलूरकडची तेलुगू, तुमच्या लग्नांतली दखनी. सिनेमातलं चालत नाही. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचा, कारण गुरुजींचं म्हणणं, इथलं गाणं इथंच जिरलं पाहिजे. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापतो की डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसावं लागतं. आमचे हे मला म्हणायचे, तुला देवळात नेलं तर पाय दुखतात आणि त्या भट्टीत तीन तास मांडी मोडत नाही.

आपल्या बायकांच्या बाजूची रीत कुणी घातली कोण जाणे. गाणं आवडलं तर टाळी द्यायची नाही, हात वर करून बांगड्या वाजवायच्या. बेसूर झालं तर तोंडातून शब्द काढायचा नाही, सतरंजीवर बसल्या जागी वळायचं आणि गाणाऱ्याला पाठ द्यायची. मात्र मनाला येईल तिनं वळायचं नाही. पुढच्या ओळीत खांबाजवळ जी बसते तिनं आधी वळायचं. ती वळली की ओळ वळते, ओळ वळली की सगळी बाजू. त्या पाठी दिसल्या की गुरुजी पेटी थांबवतात आणि गाणारा नमस्कार करून खाली उतरतो. खांबाजवळची नसेल तर हा मान तिच्या शेजारणीचा. खांबाजवळची तू होतीस, शेजारीण मी. आणि तू अठरा वर्षांत एक रविवार चुकवला नाहीस. नांदेडहून सकाळची एसटी धरून यायचीस, ईद असली तर शिरखुर्म्याचा डबा घेऊन यायचीस, पण यायचीस. मला वाटायचं, बाईला कधी सर्दीसुद्धा होत नाही.

पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसले ती चुकून. पुढं जागा दिसली, बसले. तू मला वरून खाली बघितलंस आणि विचारलंस, "कान हायत का नुसते बुगड्या अडकवायला आनले?" मी अंगणवाडीची सेविका, गावात मला कुणी असं बोलत नसे. मी म्हटलं, दोन्हीसाठी आहेत. तू हसली नाहीस. मग पहिलं गाणं झालं, आवडलं तुला, आणि तू काही न विचारता माझा उजवा हात मनगटाला धरून वर नेलास आणि गदागदा हलवलास. माझ्या डझनभर बांगड्या वाजल्या. त्यातल्या दोन तिथंच फुटल्या. मी ओरडले, फुटल्या ना. तर तू म्हणालीस, "फुटल्या म्हनू नाही, वाढवल्या म्हनावं. सवाशिन हायस ना?"

तुझे हात मोकळे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरणारी मणियारीण, पण नवरा गेल्यापासून तुझ्या मनगटात काच नव्हती. म्हणजे रीतीनं तुला पाठ देता येत होती, दाद देता येत नव्हती. दाद द्यायला तू माझा हात वापरलास. अठरा वर्षं वापरलास. मला न विचारता वर उचलायचीस आणि काम झालं की मांडीवर टाकून द्यायचीस. वर्षाकाठी एकदा ऐकणाऱ्यांनीच गायचं असतं, त्या घरच्या रविवारी, कार्यक्रम संपल्यावर बाहेर लिंबाखाली पेटी उघडून मला नव्या बांगड्या भरायचीस. त्याही कशा, तर हात दाबून, हाडं मोजल्यासारख्या. "शेतकऱ्याची बाई अन् हात बघा, कनकेवानी," असं सगळ्यांदेखत म्हणायचीस. आपल्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या बायका तुझ्याकडूनच भरून घ्यायच्या आणि सगळ्यांना तू असंच काहीतरी लावून बोलायचीस. तरी त्या रांग लावायच्या.

कान मला तू दिलास, हे मान्य करते. त्याआधी मला गोड आवाज म्हणजे गाणं एवढंच कळत होतं. एकदा औशाकडची एक पोरगी आली होती, आवाज साखरेसारखा. सगळी बाजू माना डोलवत होती आणि तू वळलीस. मी घाबरून तुझ्याबरोबर वळले पण कळेना काही. त्यानंतर एक दात पडलेला गोंधळी उभा राहिला, आवाज असा की कुणी पत्रा ओढतंय. तू माझा हात वर नेलास. मी संध्याकाळी स्टँडवर तुला विचारलं, हे काय. तू चहाची बशी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "कौसा, आवाज येगळा अन् सूर येगळा. आवाज अल्लानं दिल्याला ऱ्हातो. सूर मानसानं लावायचा ऱ्हातो. आवाज फाटला तर फाटू दे, सूर बघ." मग बस लागेपर्यंत तू हलक्या आवाजात मला एकच ओळ सहा वेळा म्हणून दाखवलीस, तीन वेळा बरोबर, तीन वेळा उतरलेली, आणि दर वेळी विचारत राहिलीस, "आता? आन आता?" मी चार वेळा चुकले. तू म्हणालीस, गाढव बरं. पण पुढच्या रविवारी परत विचारलंस, त्याच्या पुढच्याही. वर्षभरानं माझी चूक होईना.

तुझ्याइतकी निर्दय बाई मी पाहिली नाही. लोहाऱ्याकडचा तो शाहीर आठवतो? बायको वारून त्याला आठवडा झाला होता, तरी शब्द दिला म्हणून आला. सगळ्या शेडला ठाऊक होतं, तुलाही. दुसऱ्या कडव्याला त्याचा सूर गेला आणि तू वळलीस. मी तुझा पदर ओढला, तरी वळलीस. तो माणूस नमस्कार करून उतरला तो परत कधी आला नाही. गुरुजी त्या दिवशी तुझ्याजवळ येऊन म्हणाले, आपा, निदान आजचा दिवस सोडायचा होता, त्याची बायको गेलीय. तू म्हणालीस, बायको गेली तर सूर का जावा. मला त्या वेळी तुझी किळस आली होती. पण हेही लिहून ठेवते, की तुझी पाठ कधी खोटी पडली नाही. ओळखीचा, नात्यातला, मोठा, गरीब, तू कुणाचं काही बघितलं नाहीस. तुझा सख्खा भाऊ गायला होता तेव्हाही वळलीस आणि तो दोन वर्षं तुझ्याशी बोलला नाही.

मग माझा नंबर आला. त्याला अकरा वर्षं झाली. घरचा रविवार होता. मी सात वर्षं नुसती ऐकत होते, मला वाटलं आता म्हणावं. आईची जात्यावरची ओवी घेतली. महिनाभर गोठ्यात म्हशीसमोर म्हटली. घरून सगळी आली होती, आमचे हे, मुलगा, आणि लग्न होऊन चार महिने झालेली सून. मी नवं लुगडं नेसले होते. "माहेराच्या ग वाटंला, बाभूळबनाची साउली," ही पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला तू वळलीस.

मी तुझ्याकडेच बघून म्हणत होते, आपा. मला वाटलं होतं, तू माझी जागा रिकामी बघून नरसूबाईचा हात वर करशील. देगलूरची नरसूबाई तुझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती, तिच्याही हातात बांगड्या होत्याच. तुझी पाठ दिसली, मग नरसूबाईची, मग सगळ्यांच्या पाठी, अंबाडे आणि पदर. पेटी थांबली. माझी सून पदर तोंडावर धरून हसत होती, ते मला वरून स्वच्छ दिसलं. परत येताना एसटीत आमचे हे म्हणाले, तुझी मैत्रीणच वळली म्हणल्यावर आमी काय बोलावं. घरी सुनेनं कधीही काही काढलं नाही, पण मी स्वयंपाकघरात काही गुणगुणायला लागले की ती उठून बाहेर जायची. मी गुणगुणणं सोडलं. अकरा वर्षांत मी आईची ओवी परत म्हटली नाही, नातवाच्या पाळण्यालासुद्धा नाही.

आणि तू काय केलंस? त्याच दिवशी लिंबाखाली पेटी उघडलीस आणि माझा हात मागितलास. मी दिला. बांगड्या भरता भरता म्हणालीस, "दुसऱ्या वळीला उतरलीस. घरी गा. हितं नको." बस. मैत्रिणीला समजवायचं म्हणून एक शब्द जास्त नाही. पुढच्या रविवारी मी यावं का न यावं म्हणून शनिवारभर घरात भांडी आपटली आणि रविवारी तुझ्या शेजारी येऊन बसले. का आले, ते आज सांगते. मी दुसऱ्या ओळीला उतरले होते. मला वरच कळलं होतं, तुझी पाठ दिसायच्या अर्धा क्षण आधी. तूच कान लावला होतास, मग कळणार कसं नाही? तू खरी होतीस याचाच मला जास्त राग होता. खोटी असतीस तर भांडून मोकळी झाले असते.

त्यानंतरची अकरा वर्षं आपण बसलो, हसलो, एका डब्यात जेवलो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू नांदेडला तुझ्या घरी मला पंधरा दिवस ठेवून घेतलंस, मला आंघोळ घातलीस, आणि वर "किती वजन केलंस" म्हणून शिव्या दिल्यास. मी तुला कधी त्या दिवसाबद्दल विचारलं नाही. तूही बोलली नाहीस. तुला वाटलं मी विसरले. मी एकही दिवस विसरले नव्हते.

यंदा पावसाळ्यानंतर तुझा आवाज बसला. आधी म्हणालीस थंड पाण्यानं, मग म्हणालीस धुळीनं. मग एका रविवारी स्टँडवर, चहा समोर आल्यावर सांगितलंस की गळ्यात गाठ आहे, काढावी लागणार, आणि आवाज राहणार नाही म्हणतात. मी काहीतरी देवाधर्माचं बोलायला गेले, तू हातानं थांबवलंस. म्हणालीस, घरचा रविवार ऑपरेशनच्या आधी येतोय, तेव्हा मी गाणार. मला खरंच वाटेना. ऐकणारीनं गाऊ नये, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. मी विचारलं, एवढी वर्षं नाही आणि आता का? तू बशीतला चहा संपवलास. "एकडाव बघायचंय, माजा लागतो का. लोकायचा बघून राहिले जन्मभर. तू खांबाजवळ बसशील. उतरले तर पाठ दे, कौसा. लाजू नको. पन कान देऊन ऐक."

दुसऱ्या कुणावर तू हे सोपवलं नसतंस. हे मला तेव्हाही कळलं.

माझ्याकडून अचानक घडलं, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. त्या रविवारी निलंग्याहून बसमध्ये बसले तेव्हाच माझं ठरलं होतं. मी मोजून बघितलं होतं, अठरा वर्षांत खांबाजवळची जागा मला एकदाच मिळणार, ती आज.

तू तुझ्या अम्मीचं लग्नातलं गाणं घेतलंस, बांगड्या भरतानाचं. "काच की चूडी हात में, मैके का आंगन आंख में." आवाज म्हणून काही उरलाच नव्हता तुला. खरखरीत, मध्येच हवा. आपल्या बाजूला चुळबूळ झाली. पुरुषांकडं कुणीतरी खाकरलं. बायका एकमेकींकडं बघून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना आवाज ऐकू येत होता. सूर मला ऐकू येत होता, आपा. 'आंगन' वर तो जिथं लागायला हवा तिथं लागला होता. एकदा नाही, चारी वेळा. चौथ्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. तू मान किंचित कलती करून माझ्याकडं बघत होतीस, पहिल्यांदा शाळेत पाटी दाखवणाऱ्या पोरीसारखी. मला अकरा वर्षांपूर्वीची सून दिसली, पदर तोंडावर धरलेली. अंगावर काटा तसाच असताना मी वळले.

नरसूबाई वळली. सगळ्या वळल्या. गुरुजींना आता पेटीसुद्धा नीट ऐकू येत नाही, बोटं सवयीनं चालतात आणि ते आपल्या पाठींकडं बघून थांबतात. पण त्या दिवशी ते थांबायच्या आधी तूच थांबलीस. मी मागच्या भिंतीकडं बघत बसले होते. तिथं पत्र्याला एक गंजाचं भोक आहे, त्यातून उजेड येतो. तेवढंच आठवतं.

बाहेर लिंबाखाली तू पेटी उघडली होतीस. मला वाटलं आज नाही भरणार. तू माझा हात मागितलास. हिरव्या काढल्यास, नेहमीसारखा तळहात दाबलास, आणि तिसरी की चौथी बांगडी भरताना म्हणालीस, "सूर लागला व्हता, कौसा."

"न्हाई," मी म्हटलं.

"आंगनवर. चारी बार."

"न्हाई लागला, आपा."

तू थांबलीस. माझ्या मनगटाकडं बघत राहिलीस. मला वाटलं आता तू मला ओळखलंस, आता तुझं ते तोंड सुटणार आणि मी मेले. तसं झालं असतं तर बरं होतं. पण तू उरलेल्या बांगड्या हलक्या हातानं चढवल्यास, आयुष्यात पहिल्यांदा न दुखवता, आणि म्हणालीस, "तुजा कान म्या लावलाय. तू न्हाई म्हनतीस तर नसंल लागला. बरं केलंस पाठ दिलीस." मग पेटी मिटलीस आणि नांदेडच्या गाडीकडं गेलीस. मी हाक मारली नाही.

ऑपरेशन बारा दिवसांनी होतं. बारा दिवस फोन माझ्या कमरेच्या पिशवीत होता. रोज वाटायचं, करावा आणि सांगावं. रोज वाटायचं, पाठ बघून कसं वाटतं ते आणखी एक दिवस तिला कळू दे. अकरा वर्षांपुढं बारा दिवस काय आहेत, असा माझा हिशेब होता. ऑपरेशन होऊन शुद्धीवर आली की सांगीन, असंही ठरवलं होतं. तू शुद्धीवर आलीस ती अर्धवटच, आणि मग तीही राहिली नाही.

मी नांदेडला आले ते तुला नेल्यावर. तुझ्या घरात बायकांत बसले. शबानानं मला पाणी दिलं आणि आपणहून सांगायला लागली. डॉक्टर कागदावर सही घेताना म्हणाले होते, मावशी, आवाज जाईल बरं का, विचार करून सांगा. तर अम्मी हसली म्हणे. म्हणाली, "जाने दो. उसमें सूर किधर था." शबानाला वाटत होतं, अम्मी किती धीराची. तिनं मला विचारलं, मावशी, अम्मी गाती थी क्या कभी? मी म्हटलं, मला माहीत नाही.

आणि शेडमध्ये तुझी गोष्ट तयार झाली होती. लोकांच्या तोंडाला काय. मी पुढच्या रविवारी गेले तर चपला काढायच्या जागीच कानावर आलं, जन्मभर लोकांना पाठी दिल्या आणि शेवटी तिचीच पाठ धरली देवानं. कुणी म्हणालं, गर्वाचं घर खाली. तू ज्यांना उतरवलं होतंस ते आता बोलू लागले होते की म्हातारीला सुरातलं कळत तरी होतं का. कान, आपा. तुझ्याकडं दुसरं काय होतं? घर भाड्याचं, दुकान दिराचं. तो एक कान होता, तोही मी नेला.

म्हणून काल, तुझ्या नावाच्या रविवारी, गुरुजींनी चार शब्द बोलायला मला वर बोलावलं तेव्हा मी ठरवून गेले. ह्या वेळी चांगलं ठरवून. मी रडले नाही, आवाजही कापला नाही. मी म्हटलं, हमीदाआपा त्या दिवशी बेसूर नव्हती. आवाज फाटला होता, सूर चारी वेळा लागला होता. मला ऐकू आला होता. तिनं मला अकरा वर्षांपूर्वी पाठ दिली होती, त्याचं उट्टं म्हणून मी खोटी पाठ दिली. तुम्ही सगळ्या माझ्यामागं वळलात. तुमचं चुकलं नाही. माझं चुकलं.

मला वाटलं आता नरसूबाई वळेल. तू गेल्यावर खांबाजवळ मी, आणि मी वर असताना मान तिचा. मी तिच्याकडं बघून राहिले, वळ बाई, वळ. तिनं पदरानं डोळे पुसले. मग तिचा हात वर गेला आणि बांगड्या वाजल्या. शेजारणीला ती म्हणाली, आणि शांततेत ते मला वरपर्यंत ऐकू आलं, "मैत्रीन असावी तर अशी. मेलेल्या बाईची अब्रू ऱ्हावी म्हनून सगळं आपल्या डोक्यावर घेऊन राहिली."

मी म्हटलं, असं नाही, ऐका, मी खरं सांगते. लेकराची शपथ घेतली. मागची ओळ वाजायला लागली. गुरुजी पेटीवर हात ठेवून डोळे पुसत होते. त्यांनी माझी पाठ बघितली होती, ती खरी मानली होती. आता माझं तोंड कोण खरं मानणार? सगळी बाजू हात वर करून बांगड्या वाजवत होती, अठरा वर्षांत एखाद्या गाण्यालाही मिळाली नसेल अशी दाद, आणि त्या हातांतली जवळजवळ प्रत्येक बांगडी तू दाबून, शिव्या देऊन भरलेली. मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. मग नरसूबाई वर आली, माझ्या मनगटाला धरून मला खाली नेलं, आणि तुझ्या खांबाजवळ बसवलं.